निवडून आलो, आता परत ट्रेनिंग कशाला?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत, न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो. नोव्हेंबरात आमच्या गावच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे गावातल्या सरकारी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर निवडून आलो, जानेवारीत शपथ झाली. आता म्हणतात ट्रेनिंग कंपलसरी आहे. आयटीत इतकी वर्षं टीम सांभाळतोय, मला काय लीडरशिप शिकवणार? आणि परवा एका ओळखीच्या मराठी पालकासाठी, मुलीच्या बसच्या स्टॉपबद्दल, मी प्रिन्सिपलला थेट फोन केला तर सुपरिंटेंडंटबाईंचा (गावातल्या सगळ्या शाळांच्या प्रमुख) जरा नाराजीचा ईमेल आला. ट्रेनिंग त्यांना नसतं का? आम्ही पाच मेंबरांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, तिथे सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.

उत्तर : अभिनंदन! पण बाईंचं बरोबर आहे हो. आपल्याकडे नगरसेवक ओळखीचा निघाला की नळाच्या पाण्यापासून शाळेच्या ॲडमिशनपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात टाकायची सवय, आणि तोही लगेच फोन फिरवतो, पण तिकडे एकट्या बोर्ड मेंबरला काडीचा अधिकार नसतो, जो काय आहे तो मीटिंगमध्ये मत देणाऱ्या अख्ख्या बोर्डाला. न्यू जर्सीच्या कायद्यात मेंबरांची आचारसंहिता आहे, त्यात सरळच म्हटलंय की तुमचं काम शाळा चालवणं नाही, त्या नीट चालतायत ना ते बघणं. तक्रारी सुपरिंटेंडंटकडे पाठवायच्या, हेही त्यातच. तुम्हाला वाटतं मी सहज विचारलं, पण प्रिन्सिपलला तो साहेबांच्या साहेबांचा फोन वाटतो! पालकाला ट्रान्सपोर्टेशन ऑफिसचा नंबर द्या, विषय संपला.

आता ट्रेनिंग. ते न्यू जर्सी स्कूल बोर्ड्स असोसिएशन घेते, पहिल्या ३ वर्षांच्या टर्ममध्ये दर वर्षी एक, पुन्हा निवडून आलात तर आणखी एक. आयटीचा अनुभव तिथे कधीकधी आडवाच येतो कारण मॅनेजरला हाताखालच्यांना कामं वाटायची सवय असते, इथे टीचर नेमायचा तरी सुपरिंटेंडंटने शिफारस केल्याशिवाय बोर्ड नेमू शकत नाही. मग बोर्डाच्या हातात काय, तर बजेट, पॉलिसी आणि सुपरिंटेंडंट निवडणं नि दर वर्षी त्यांचं मूल्यमापन करणं. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, मराठी माणूस एकतर तोंडावर गोड बोलतो नाहीतर एकदम भांडायलाच उठतो. त्याचंही वेगळं ट्रेनिंग आहे, ते लवकर उरकून घ्या.

सुपरिंटेंडंटला पण सुटका नाही. पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसणाऱ्याला मेंटॉरच्या हाताखाली वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे काम करता करता शिकणं, करावी लागते, मग पक्कं सर्टिफिकेट.

त्या ग्रुपचं मात्र आजच बघा. तुमचं बोर्ड ९ जणांचं असेल तर ५ म्हणजे मेजॉरिटी झाली, आणि तिथे बोर्डाच्या विषयांवर चर्चा रंगली की ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टमध्ये (बोर्डाच्या बैठका लोकांसमोर उघडपणे व्हायला हव्यात असा कायदा) अडकाल, वर ते मेसेज उद्या कुणी पब्लिक रेकॉर्ड म्हणूनही मागू शकतं. दिवाळीच्या शुभेच्छा टाका हवं तर, बाकी काही नको.