इंदूरमध्ये २०२४ च्या लोकसभेला ‘नोटा’ला (‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला) एवढी मतं का पडली? त्याने निकालात फरक पडतो का?

निकालात काहीच फरक पडत नाही. नोटा पहिल्या नंबरावर आला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तोच निवडून येतो.

एवढ्या मतांचं कारण सरळ आहे. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसचे उमेदवार अक्षय बम यांनी माघार घेतली आणि ते भाजपमध्ये गेले. मग काँग्रेसने नोटाचंच आवाहन केलं. नोटाला २,१८,६७४ मतं पडली. भाजपचे शंकर लालवानी मात्र पावणेबारा लाखांनी जिंकले.

पण ही सगळी मतं काँग्रेसची नव्हेत, असं माझं ठाम मत आहे. भाजपच्या सुमित्राताई महाजनांना (आठ वेळा खासदार!) वर्षानुवर्षं मत देणारी आमच्या रामबागेतली काकूसुद्धा चिडली होती: “समोर कुणी नाहीच, तर मला विचारता कशाला?” तिने शेवटचं, नोटाचं बटण दाबलं.