ठाण्यातलं घर विकून चिंचवडला रिडेव्हलपमेंटमधला फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी हिंजवडीला आहे, चिंचवडला जुनी सोसायटी पाडून होणाऱ्या इमारतीत फ्लॅट बघितलाय, पण पुण्यातले नातेवाईक म्हणतात "ते काही पुणं नव्हे". बरोबर म्हणतात. नाहीच ते पुणं. आमची पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची, गाड्यांना नंबर १४ चा आणि २०१८ पासून पोलीस आयुक्तही वेगळे. आम्ही पुण्यात येतच नाही आहोत, असं त्यांना सांगून टाका.

हा प्रश्न मला झोंबला तो माझ्या आत्यामुळे. ती शुक्रवार पेठेत राहायची, मंडईच्या मागे. बाबा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, टूलरूमला. १९८४ साली त्यांनी चिंचवडला केशवनगरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा आत्याने विचारलं, "हॅरिस पुलाच्या पलीकडे माणसं राहतात का रे?" राखीला यायची ती फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी घेऊन. इकडच्या पाण्याला कारखान्याचा वास येतो म्हणे. पवनेचं पाणी हो ते! १९९६ मध्ये आतेभावाने, त्याला मी दादा म्हणते, बाबांना कागदावर हिशोबच मांडून दिला. हा फ्लॅट विका, थोडं कर्ज काढा, कोथरूडला घ्या, हिच्या लग्नाच्या दृष्टीनेही बरं पडेल. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "पहिल्या पाळीला मी सायकलवर पंधरा मिनिटांत पोचतो. कोथरूडहून जायचं तर पहाटे चारला मला उठवायला तू येणार का?"

आता रिडेव्हलपमेंट. आमची इमारत सोळा फ्लॅटची, तळमजला आणि वर तीन, लिफ्ट नाही. गळका स्लॅब वगैरे सगळं निमित्त, खरं कारण सभासदांचे गुडघे. २०१७ ला विषय निघाला आणि दोन वर्षं एका सभासदाने पार्किंगमध्ये टाकलेल्या पिठाच्या गिरणीपाशी अडकून पडला. मग ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आला, ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली, एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं, गणित बसायला लागलं, आणि आधी फोन न उचलणारे बिल्डर स्वतः चकरा मारू लागले. २०२१ ला आम्ही जागा रिकामी केली, २०२४ ला ताबा मिळाला.

ताब्याच्या दिवशी बाबा खिशात स्टीलचा टेप घालून गेले. वय ८१. करारात कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, ६१० चौरस फूट. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ५८८. साइट इंजिनिअर म्हणाला, "काका, आतल्या भिंती धराव्या लागतात." बाबा म्हणाले, "धरूनच मोजलंय. मी जन्मभर मायक्रॉनमध्ये नोकरी केली, तू मला फूट शिकवतोस?" कमी-जास्त होण्याला करारात तीन टक्क्यांची मुभा होती, हे साडेतीनच्या वर गेलं होतं. मग बाबा उरलेल्या पंधरा घरांत टेप घेऊन फिरले. गिरणीवाल्याच्या घरातही. बिल्डरने चार महिने टोलवाटोलवी केली, पण शेवटी सोळाही जणांना फरकाचे पैसे दिले.

तर घ्यावा का? घ्या. रावेत, पुनावळे, ताथवड्याच्या टॉवरपेक्षा जुन्या चिंचवडमधली सोसायटी कधीही बरी. इथे झाडं आमच्या वयाची आहेत, भाजी पायी जाऊन आणता येते, मोरया गोसावींचं मंदिर आहे, लोणावळा लोकलचं स्टेशन आहे. मेट्रो २०२२ ला पिंपरीतल्या पीसीएमसी (महापालिका) स्टेशनपासून फुगेवाडीपर्यंतच होती तेव्हा पुण्याचे लोक हसले, आता ती स्वारगेटला जाते. मधे मंडई लागते. त्याच मंडईहून दादा गेल्या राखीला मेट्रोने आला, लिफ्टने वर आला, सगळ्या खोल्या बघितल्या, आणि चहा घेताना हळूच म्हणाला, "मुलासाठी बघतोय. विक्रीचा एखादा राहिलाय का गं तुमच्यात?" मी म्हटलं, सगळे गेले. दोन होते शिल्लक. चुकलंच माझं, पण अजून त्याला सांगितलेलं नाही.

आता चार गोष्टी, नाहीतर मलाच शिव्या घालाल. इमारतीचा महारेरा नंबर (राज्याच्या गृहप्रकल्प प्राधिकरणाकडची नोंदणी), जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हे तुम्ही बघालच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुने सभासद सध्या कुठे भाड्याने राहतात ते शोधा आणि बिल्डरकडून भाडं वेळेवर येतं का ते विचारा. त्यांचं भाडं थकलं असेल तर तुमचाही ताबा लांबणार. निगडी, तळवडे, यमुनानगरकडे बघत असाल तर देहूरोडच्या दारूगोळा डेपोचा रेड झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला भोवतालचा पट्टा, तपासा, नदीकाठी निळी पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची रेघ. निगडी प्राधिकरणातल्या जमिनी जुन्या नवनगर विकास प्राधिकरणाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या, तिथले कागद वेगळे.

हिंजवडीला मात्र इथून मेट्रोने जाता येत नाही. शिवाजीनगरहून हिंजवडीची मार्गिका आहे ती वेगळी, चिंचवडला लागत नाही. तुम्हाला रोज डांगे चौक आणि भूमकर चौकातूनच जायचंय, आणि ते घोडबंदर रोडइतकंच वाईट आहे. सायकलवर पंधरा मिनिटांचं भाग्य बाबांचं होतं.

पाणी नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड येतं. उन्हाळ्यात टँकर किती मागवावे लागतात ते बिल्डरच्या सेल्सवाल्याला विचारू नका, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा.