विद्यावेतन: आधी आकडा, मग सही

अभिनंदन! फॅमिली मेडिसिनच्या डीएनबीला (एमबीबीएसनंतरचं, राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) प्रवेश मिळाला, म्हणजे तीन वर्षं खूप शिकशील. पण विद्यावेतन विचारायला लाजू नकोस. ते उपकार नाहीत, हॉस्पिटलवर बंधनकारक आहे.

मंडळाने महिन्याचे किमान आकडे घालून दिले आहेत: पहिल्या वर्षी ३५,०००, दुसऱ्या ३७,०००, तिसऱ्या ३९,००० रुपये. ही तळाची रेघ. सरकारी निवासी डॉक्टरांचा राज्याचा दर जास्त असेल तर तोच मागायचा.

नवीन मुलं हमखास चुकतात ती इथे:

- तोंडी आकड्यावर रुजू होतात. लेखी घे, सही त्यानंतर.
- रोखीने घेतात. खात्यातच जमा व्हायला हवं.

कपातीकडे तर कुणी बघतच नाही. मीही नाही बघितलं. गंगापूर रोडच्या खोलीवर एका रात्री पासबुक उघडलं, तर तीन महिने वसतिगृहाचे पैसे कापले गेले होते, मी तिथे राहतही नव्हतो! दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, प्रतीवर पोच घेतली, तेव्हा कुठे परत मिळाले.

रुजू होण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. खात्यात नेमकं किती येतं आणि किती तारखेला, एवढंच विचार. बाँड, रजा वगैरे नंतर बघू.