गटाचे गुण वाटायचे कसे?

प्रश्न : लातूरला तंत्रनिकेतनात शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या चौघांनी सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र केलं. राबले तिघे, चौथा उगवला तो सादरीकरणाच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून. गटाला ५० पैकी ४० दिलेत. चौथ्यालाही ४०च?

उत्तर : आता काम संपल्यावर त्याचे गुण कापायला तुमच्या हातात काय आहे? तिघांची तक्रार आणि तुमचा अंदाज. तेवढ्यावर मी तरी कापणार नाही. तोंडी परीक्षेचे गुण वेगळे असतील तर तिथे मात्र त्याला एकट्याला बसवून विचारा : हाच सेन्सर का घेतला? १२ टक्के ओलाव्याच्या आसपास यंत्र किती चुकतं? ते ताडून कशाशी पाहिलं? काम न केलेला दुसऱ्या प्रश्नालाच अडकतो.

पुढच्या वर्षी नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. दोर ओढणारे वाढले की माणशी जोर घटतो, हे रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्येच मांडलं होतं. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांना घोळक्याने ओरडायला लावलं, तेव्हाही तेच दिसलं. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं कळल्यावर कुणी अंग चोरलं नाही. नियम आधी सांगायचा तो यासाठी.

हिशोब असा. प्रत्येकाने बाकीच्या तिघांना ५ पैकी गुण द्यायचे, स्वतःला नाही. समजा सरासरी आली ४.५, ४, ४ आणि १.५. गटाची सरासरी ३.५. ज्याच्या त्याच्या सरासरीला ३.५ ने भागून थेट ४० ने गुणलंत तर पहिल्याला ५१ मिळतात आणि चौथा १७ वर येतो. पोरांच्या हाती इतकी मोठी कात्री देऊ नये. म्हणून ४० पैकी २० सगळ्यांना सरसकट द्या आणि उरलेले २० तेवढे त्या भागाकाराने गुणा. गुण होतील ४६, ४३, ४३ आणि २९. फरक दिसतो, पण कुणाचं वर्ष बुडत नाही.

प्रश्न : मी परभणीला शिकते, रोज गावाहून एसटीने ये-जा करते. गट रात्री मुलांच्या वसतिगृहात बसतो. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी मी घेतल्या, अहवाल मीच लिहिला. तरी मुलं म्हणतात, ‘ही तर कधी नसतेच.’

उत्तर : रात्री खोलीत बसणं म्हणजे काम नव्हे. अर्धी बैठक चहातच जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे! अहवाल गूगल डॉक्समध्ये असेल तर कुणी कधी काय लिहिलं ते जुन्या आवृत्त्यांत दिसतं. सरांना ते उघडून दाखव. विहिरींच्या नोंदवहीवर तारखा असतीलच. दर शनिवारी गटाच्या व्हॉट्सॲपवर ‘या आठवड्यात मी हे केलं’ एवढं टाकत जा. आणि सरांशी आत्ताच बोल, निकालानंतर नको. बैठका कॉलेजच्या वेळेत घ्यायला सांगणं त्यांचंच काम आहे.

शिक्षकांनीही एक ध्यानात ठेवावं : टाइप एकीने केलं म्हणजे डोकं दुसऱ्याचं नव्हतं असं नाही. तसंच यंत्र मुलांकडे आणि लिखाण मुलींकडे, ही वाटणी आपोआप होत असेल तर ती मोडा.

प्रश्न : नांदेडला प्राध्यापिका आहे. एका गटात सगळे सगळ्यांना पाचपैकी पाच देतात. दुसऱ्यात तिघांनी ठरवून चौथीला एकेक दिला. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : नुसत्या आकड्यांवर ठेवूच नका. प्रत्येक आकड्यापुढे एक घडलेली गोष्ट लिहायला लावा : ‘१२ तारखेला सर्किट जळालं, तिने नवं जोडलं.’ ‘आळशी आहे’ हे चालणार नाही. गोष्ट नसेल तर आकडा बाद. चिठ्ठ्या गुप्त ठेवा, पण तुम्हाला नावं कळू द्या. गावकी, जातभाई, रूममेट हे सगळं चिठ्ठीत उतरतं. चौघांना वेगवेगळं बोलावलंत की दहा मिनिटांत उलगडा होतो. शेवटचा आकडा तुमचाच.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत नववीला हे चालेल का?

उत्तर : नाही. त्या वयात लेकरांनी एकमेकांना गुण देऊ नयेत. प्रत्येकाकडून ‘मी काय केलं’ असं एक पान वर्गातच, त्याच्या हाताने लिहून घ्या. थर्माकोलच्या सजावटीला शून्य गुण ठेवा. ती बहुधा आईबापांनी केलेली असते.