खाजणातल्या जंतूला गोडं पाणी कशाला?

प्रिय मुली,

प्लेटचा फोटो मिळाला. खाजणातल्या गाळातून काढलेला स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे प्रतिजैविकं बनवणारा जंतू, आणि त्याच्याभोवती लख्ख झोन, म्हणजे स्टॅफ ऑरियस हा त्वचेवरचा जंतू जिथे वाढू शकला नाही ते रिकामं वर्तुळ. गाइड म्हणतात, मुरमांवरचं औषध सापडलं, पेपर टाक. तुझं मन मात्र धजावत नाही. ते बरंच आहे! मुरमांशी संबंध क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या दुसऱ्याच जंतूचा. तो केसाच्या मुळाशी, तेलात, जवळजवळ हवेविना राहतो. त्याला विचारलंसच कुठे? शेजाऱ्याची साक्ष काढलीस.

जंतू जिथे राहतो, तिथल्यासारखाच वाढव. दोन्ही जंतू. तुझा खाजणातला साध्या न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे गोड्या पाण्यात बनवलेल्या खाद्यावर, का? समुद्राचं पाणी गाळून घ्यायला काय होतं? बहामाच्या गाळातला सॅलिनिस्पोरा हा जंतू समुद्राच्या पाण्याशिवाय वाढेना. स्क्रिप्स या अमेरिकेतल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या फेनिकल आणि जेन्सन यांनी त्याला ते दिलं, आणि त्यातून 2003 मध्ये सॅलिनोस्पोरामाइड हे रसायन हाती आलं, पुढे कॅन्सरच्या चाचण्यांपर्यंत गेलं.

दुसरी गोष्ट मरीनोपायरोल या रसायनाची, तेही समुद्री स्ट्रेप्टोमायसिसचं. नळीत एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ ऑरियस, पटापट मारायचं. माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, मिसळलं की जोर ओसरायचा. तुझा अर्क त्वचेच्या तेलात टिकतो का, हे आत्ताच बघ. आणि स्टॅफ एपिडर्मिडिसवरही चालवून बघ. तो निरोगी त्वचेवरचा रहिवासी. सरसकट सगळ्यांना मारणारं औषध आणखी एक कशाला हवंय? क्लिंडामायसिन या मुरमांवरच्या प्रतिजैविकाला न जुमानणारे ॲक्नेस आधीच बोकाळलेत.

ॲक्नेसला हवेविना वाढवायचा जार मोडलाय म्हणू नकोस. ओ-रिंगला ग्रीसचा पातळ हात फिरव, ऑक्सिजन संपवणारी गॅसपॅकची पुडी टाक, ऑक्सिजन गेल्याचं दाखवणारा इंडिकेटर रंगहीन झाल्याशिवाय विश्वास ठेवू नकोस. 37 अंश, आणि तीन दिवस झाकण उघडायचं नाही. डोकावून पाहण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे.

मला लॅबमध्ये ‘खारं पाणी’ म्हणत. समुद्राच्या पाण्याचे कॅन जिन्यावरून मीच चढवायची. माझे पेपर थोडे, बढतीही उशिरा मिळाली, त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? पण माझे आयसोलेट, म्हणजे मी वेगळे काढलेले जंतू, आजही वाढतात. माझ्यावर हसणाऱ्यांपैकी किती जणांना हे म्हणता येईल, ते जाऊ दे.

गाइडशी भांडू नकोस, फक्त ॲक्नेसची प्लेट त्यांच्यापुढे ठेव. झोन आला नाही तरी ठेव. गाळाचा डबा फ्रीजमध्ये आहे ना? फेकला असशील तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून परत जा, आणि या वेळी पाणीही भरून आण.

तुझी,
मॅडम