खरेदीदाराने दिलेली दुरुस्तीची यादी

तुमच्या लातूरच्या घराची पाहणी करून खरेदीदाराच्या अभियंत्याने दुरुस्त्यांची लांबलचक यादी पाठवली, एवढ्यावरून सौदा मोडला असे समजू नये. पण घाईने सगळे कबूलही करू नये. गच्चीची गळती, स्लॅबमधले गंजलेले लोखंड आणि सदोष वायरिंग आधी वेगळे काढावे. रंग, फरशीचा तुकडा किंवा दाराची कडी ही भाव ठरवतानाच दिसलेली असतात, त्यांवर पुन्हा सूट मागणे मला रास्त वाटत नाही.

भेगांबाबत मात्र सावध राहावे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतींना तडे जातात; परंतु १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागातला खरेदीदार तड्याकडे संशयाने पाहत असेल, तर ते स्वाभाविकच आहे. म्हणून तडा केवळ गिलाव्याचा आहे की भिंतीतून आरपार गेला आहे, हे आपल्या बाजूच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. लांबी (पुट्टी) भरून तो रंगाखाली दडवू नये, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसल्यास, खरेदीदाराला साध्या दक्षतेने न कळणारा पण विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

दुरुस्ती स्वतः करून देण्यापेक्षा किमतीतून ठरावीक रक्कम वजा करणे बरे, कारण गवंड्याच्या कामाच्या दर्जावरून पुढे वाद होतात. जे ठरेल ते साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या लेखी विक्री करारात, रकमेसह लिहावे. इसार घेताना झालेल्या तोंडी बोलण्यावर विसंबू नये.