डेक मागच्या बॅटरीवर घेताना

थंडी पडली की नागपुरातल्या कॅम्पर व्हॅन पेंच, नागझिरा, ताडोब्याकडे निघतात, आणि त्यासोबत गाण्यांच्या डेकबद्दलचे प्रश्नही येतात. या वेळचे बहुतेक प्रश्न मागच्या बॅटरीचे, म्हणजे दिवे-पंखे-फ्रिज चालवणाऱ्या बॅटरीचे आहेत.

प्रश्न (वाडी): ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली. मोठा टचस्क्रीन डेक बसवला. सिल्लारीजवळ मुक्कामाला रात्री तीन-चार तास गाणी लावली, तर सकाळी इंजिन उठेना. मागची बॅटरी मात्र भरलेली होती. असं कसं?

उत्तर: भाऊ, तुमचा डेक अजून पुढच्याच, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर आहे. त्याच्या मागच्या तीन तारा ओळखून घ्या. पिवळी म्हणजे कायमचा पॉझिटिव्ह. डेकचा खरा करंट हिच्यातूनच जातो आणि सेटिंगही हिच्यामुळेच लक्षात राहतात. लाल तार फक्त 'आता चालू हो' एवढं सांगते. काळी निगेटिव्ह.

पुष्कळ जण पिवळी तेवढी मागे नेतात आणि लाल किल्लीवरच ठेवतात. मग गाण्यांसाठी किल्ली फिरवावीच लागते आणि त्या लाइनवरचं बाकी सगळं पुढच्या बॅटरीतून चालू होतं. म्हणून दोन्ही तारा मागच्या बॅटरीवर घ्या. पिवळी फ्यूजमधून थेट आणि लाल डॅशवरच्या छोट्या स्विचमधून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीची जुनी पिवळी तार नव्या तारेला चुकूनही जोडू नका. तसं केलं तर दोन बॅटऱ्या एका बारीक तारेनं एकमेकींना जोडल्या जातात, आणि सेल्फ मारताच स्टार्टर त्या तारेतूनही करंट ओढतो. जुन्या तारांची टोकं एकेक करून वेगळी टेप करा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर डेकचा फ्यूज काढून ठेवा. बंद डेकनं १० मिलिअँपिअर जरी घेतले, तरी महिन्याला ७ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचं माप) जातात.

प्रश्न (मानेवाडा): बॅटरी मागच्या पलंगाखाली आहे, डेकपर्यंत ६ मीटर अंतर भरतं. दुकानदार म्हणतो १.५ एमएम (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर पुरते. फ्यूज कुठे लावायचा?

उत्तर: नाही पुरत. जाणं-येणं धरून वायर १२ मीटर होते. १० अँपिअर ओढले की १.५ एमएममध्ये जवळपास दीड व्होल्ट वाटेतच मरतो. बॅटरीवर १२.४ असेल तर डेकला ११ सुद्धा धड मिळत नाही, मग जोराच्या ठेक्याला तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक डेकला दोष देतात आणि बदलून आणतात! ६ एमएम घेतली तर हीच घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. वायर बारीक तारांची, लवचीक आणि अस्सल तांब्याची हवी. ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, परत करा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. माझ्या पहिल्या व्हॅनमध्ये एका वर्कशॉपनं तो डेकच्या मागे लावला होता. वायर सीटच्या रुळावर घासून सोलली, बॉडीला टेकली आणि मधल्या चार मीटरचं प्लॅस्टिक वितळून गेलं. फ्यूज शाबूतच, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झाला होता. तेव्हा मुलं मागे झोपलेली होती. तो जळका वास मी विसरू शकत नाही, म्हणून प्रत्येकाला हे बजावून सांगतो. डेकवर १५ अँपिअरचा फ्यूज असेल तर बॅटरीजवळही १५ चाच लावा. हा दुसरा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी आहे.

प्रश्न (काटोल रोड): अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर) मागच्या बॅटरीवर घेतल्यापासून इंजिन चालू असताना स्पीकरमधून 'कूंऽऽ' आवाज येतो. रेस वाढवली की तोही चढतो.

उत्तर: ताई, हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा आवाज आहे. अॅम्पचा निगेटिव्ह मागे आणि डेकचा डॅशजवळच्या बॉडीला, असं झालं असणार. दोन जागांमधल्या व्होल्टेजचा किंचित फरक आरसीए केबलमधून (डेकचा आवाज अॅम्पला नेणारी वायर) अॅम्पमध्ये शिरतो. अॅम्पमधून आरसीए काढून पाहा. आवाज थांबला तर निदान पक्कं. डेकची काळी तार बॉडीवरून काढून अॅम्पच्या निगेटिव्हजवळ, त्याच बिंदूवर न्या. आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी ओढा. आवाज अडवणारा फिल्टर विकत घेण्याची घाई नको.

प्रश्न (नरेंद्र नगर): १०० एएचच्या ट्युब्युलर (लेड-अॅसिड) बॅटरीवर किती वेळ गाणी चालतील?

उत्तर: लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ५० एएच. नुसता डेक बेताच्या आवाजात २ अँपिअर घेतो, म्हणजे २५ तास. ३०० वॉटचा अॅम्प जोरात वाजवला तर सरासरी १० ते १५ अँपिअर जातात आणि चार तासांत बॅटरी निम्म्यावर येते. पण फ्रिज विसरू नका. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर गेला की तो थांबायचं नावच घेत नाही, दिवसभराची निम्मी बॅटरी एकटाच खाऊ शकतो. हिशेब आधी फ्रिजचा, उरलं त्यात गाणी.

प्रश्न (कामठी): जुनी २४ व्होल्टची बस आहे. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर?

उत्तर: घेऊ नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ ते १२ चा, निदान २० अँपिअरचा कन्व्हर्टर मागच्या बॅटऱ्यांवर लावा. त्याच्या २४ च्या बाजूला स्विच ठेवा, कारण डेक बंद असला तरी कन्व्हर्टर थोडा करंट घेतच राहतो.